एक विद्याशाखा, तीन मालक: ट्युबिंगेनमधील प्रॉटेस्टंट थिऑलॉजीची पाच शतके

जर्मनीतील १९ सरकारी विद्यापीठांत आज प्रॉटेस्टंट थिऑलॉजीची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची, स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिथला प्राध्यापक सरकारी नोकर असतो, त्याचा पगार सरकारी तिजोरीतून निघतो आणि पदवीवर शिक्का विद्यापीठाचा बसतो. तरीही त्याला नेमण्याआधी चर्चला विचारावे लागते. आणि त्याच देशाची राज्यघटना सांगते की राज्याचे अधिकृत चर्च नाही. आपल्याकडच्या वाचकाला यात काहीतरी गफलत वाटेल. फ्रेंच वाचकालाही वाटते.

ही व्यवस्था कुणी एका बैठकीत आखलेली नाही. राज्यकर्ता, चर्च आणि अभ्यासक या तिघांच्या भांडणांतून ती साचत गेली आणि प्रत्येक भांडणाने एकेक कलम मागे ठेवले. नैऋत्य जर्मनीतल्या ट्युबिंगेन या छोट्या शहरात ही जवळपास सगळी भांडणे झाली, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

पदवी देणारा माणूसच निघून गेला

ट्युबिंगेन विद्यापीठ १४७७ साली व्युर्टेम्बर्गचा सरदार एबरहार्ड याने स्थापन केले, म्हणजे धर्मसुधारणेच्या चाळीस वर्षे आधी. रचना त्या काळच्या इतर विद्यापीठांसारखीच होती. सगळ्यांनी आधी कला शाखेत तर्कशास्त्र, व्याकरण, थोडे गणित आणि अॅरिस्टॉटल शिकायचे, मॅजिस्टर व्हायचे आणि मग वरच्या तीन शाखांपैकी एकीत जायचे: थिऑलॉजी, कायदा किंवा वैद्यक. थिऑलॉजीचे ठरलेले पाठ्यपुस्तक बाराव्या शतकातल्या पीटर लोम्बार्ड यांचे होते. मोठमोठ्या आचार्यांची मते विषयवार लावलेला तो संग्रह होता. त्यावर भाष्य करता आले की माणूस थिऑलॉजीत तयार झाला, असे मानत.

हा अभ्यासक्रम आधी विटेनबर्गमध्ये मोडला. मार्टिन लूथर तिथे १५१२ पासून थिऑलॉजीचे डॉक्टर आणि बायबलचे प्राध्यापक होते. त्यांची १५१७ ची ९५ विधाने विद्यापीठातल्या वादविवादाच्या रीतीनेच मांडलेली होती. पुढच्याच वर्षी ट्युबिंगेनमध्ये शिकलेला २१ वर्षांचा फिलिप मेलांक्टन ग्रीकचा प्राध्यापक म्हणून विटेनबर्गला गेला. लोम्बार्ड बाजूला पडला; त्याच्या जागी हिब्रू आणि ग्रीक मूळ पाठ आला. मेलांक्टनने १५२१ मध्ये पाप, नियमशास्त्र, कृपा अशा मुद्द्यांखाली विषय लावून जे पुस्तक लिहिले, ते प्रॉटेस्टंट थिऑलॉजीचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. उत्साहाच्या भरात विटेनबर्गने पदव्या आणि वादविवादही गुंडाळले होते. पण मग कोण शिकवायला लायक आणि कोण नाही हे ठरवायचे कशावर? १५३३ मध्ये दोन्ही गोष्टी परत आणाव्या लागल्या. क्रांतीलाही परीक्षा मंडळ लागते.

ट्युबिंगेनमध्ये बदल वरून आला. हद्दपार झालेला ड्यूक उलरिश १५३४ मध्ये लढाई जिंकून परतला आणि त्याने मुलूख प्रॉटेस्टंट केला. प्राध्यापकांनी शक्य तितकी टाळाटाळ केली. खरी अडचण मात्र कुलपतीची झाली. पदवी देण्याचा अधिकार पोपच्या सनदेनुसार कुलपतीकडे होता. कुलपती आम्ब्रोसियुस विडमान कॅथलिकच राहिले आणि शेजारच्या ऑस्ट्रियन हद्दीतल्या रोटेनबुर्गला निघून गेले. ड्यूककडे इमारती होत्या, पैसा होता, नवे प्राध्यापक होते; पण कायदेशीर पदवी देणारा माणूस सीमेपलीकडे बसला होता. पगार कोण देतो आणि मान्यता कोण देतो, हे दोन प्रश्न इथे पहिल्यांदा उघडपणे वेगळे झाले. ते आजही वेगळेच आहेत.

श्टिफ्ट: पाळक घडवण्याचा कारखाना

उलरिशला तातडीने पाळक, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मगुरू, हवे होते, गावोगावी. त्याने १५३६ मध्ये शिष्यवृत्ती सुरू केली आणि १५४७ पासून हे विद्यार्थी ऑगस्टिनियन संन्याशांच्या रिकाम्या झालेल्या मठात राहू लागले. ही संस्था म्हणजे ट्युबिंगेनचे श्टिफ्ट. ती आजही त्याच इमारतीत आहे.

पुढचा ड्यूक क्रिस्टोफ याने तिला खालून पुरवठा करणारी साखळी जोडली. बंद पडलेल्या पुरुष-मठांपैकी १३ मठांत १५५६ मध्ये शाळा उघडल्या. १५५९ च्या मोठ्या चर्च-नियमावलीत सगळी व्यवस्था एकत्र लिहिली गेली. गावातल्या लॅटिन शाळेतला हुशार मुलगा मुलुखाच्या परीक्षेला बसायचा. पास झाला तर मठ-शाळेत राहणे, जेवण, शिक्षण फुकट. तिथून श्टिफ्टमध्ये, आधी सुमारे दोन वर्षे कला शाखा, मॅजिस्टरची पदवी, मग तीन वर्षे थिऑलॉजी. मोबदल्यात लेखी हमी द्यावी लागे की पुढे ड्यूकच्या चर्चमध्ये किंवा शाळेत सेवा करीन. मोडली तर खर्च परत. मठांच्या जप्त जमिनींचे उत्पन्न या कामी लागले, म्हणूनच गरीब घरच्या मुलांनाही ही वाट खुली झाली.

शिकवण्याची खरी धुरा प्राध्यापकांइतकीच रेपेटेंटांवर होती. रेपेटेंट म्हणजे नुकतेच शिकून झालेले सर्वांत हुशार विद्यार्थी. ते श्टिफ्टमध्येच राहत, प्राध्यापकाचे व्याख्यान विद्यार्थ्यांकडून घोटून घेत, निबंध तपासत. प्रत्येक तुकडीत विद्यार्थ्यांना क्रमांक दिलेला असे आणि तो बदलत राही. शिस्त मोडली तर जेवणातला वाइनचा वाटा कापला जाई किंवा कोठडी मिळे.

या साखळीचा एक परिणाम ड्यूकच्या हिशेबात नव्हता. पाळक होण्याआधी प्रत्येकाने तत्त्वज्ञान आणि गणित शिकायचे, असा नियम असल्यामुळे काही जण तिथेच अडकले. योहानेस केप्लर १५८९ मध्ये श्टिफ्टमध्ये आला, मिशाएल मेस्टलिन यांच्याकडून कोपर्निकसचे गणित शिकला आणि १५९४ मध्ये थिऑलॉजी अर्धवट सोडून ग्राट्सला गणित शिकवायला गेला. दोनशे वर्षांनंतर हेगेल, ह्योल्डरलिन आणि शेलिंग याच इमारतीत एकाच काळात राहत होते. तिघांनाही पाळक व्हायचे नव्हते.

सही करा, मग शिकवा

प्रॉटेस्टंटांना पोप नाही. मग खरे काय हे ठरवणार कोण? सोळाव्या शतकाचे उत्तर होते: कागद. लूथरच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांत प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी), स्वतंत्र इच्छाशक्ती अशा मुद्द्यांवर कडाक्याचे तट पडले. ते मिटवण्यासाठी ट्युबिंगेनचे कुलपती याकोब आंद्रेए वर्षानुवर्षे जर्मनीभर फिरले. त्यातून १५७७ मध्ये ऐक्याचा मसुदा तयार झाला आणि आठ हजारांहून अधिक पाळक-शिक्षकांनी त्यावर सह्या केल्या. पुढे व्युर्टेम्बर्गमध्ये चर्चची किंवा विद्यापीठाची जागा हवी असेल तर ही सही आवश्यक ठरली.

याचा फटका केप्लरलाच बसला. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर नेमके कसे उपस्थित असते, या कलमावर त्याने बिनशर्त सही नाकारली. १६१२ मध्ये लिंत्सच्या पाळकाने त्याला प्रभुभोजन नाकारले, स्टुटगार्टच्या चर्च-मंडळाने त्या पाळकाचीच बाजू घेतली आणि ट्युबिंगेनमध्ये जागा मिळवण्याची त्याची आशा कायमची संपली. मेस्टलिनचा सर्वांत मोठा विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात परतू शकला नाही.

अशा व्यवस्थेत थिऑलॉजी शिकवणे म्हणजे आधीच ठरलेल्या उत्तरांचा बचाव शिकवणे. सतराव्या शतकातली जाडजूड लॅटिन पुस्तके हेच करतात, आणि तर्काच्या दृष्टीने ती कमालीची काटेकोर आहेत हेही मान्य करायला हवे. कंटाळलेल्यांनी दुसरी वाट धरली: वैयक्तिक भक्ती, घरगुती बायबल-वर्ग, अनाथाश्रम, मिशन. या पायटिस्ट चळवळीचे केंद्र १६९४ मध्ये स्थापन झालेले हाले विद्यापीठ होते. १७०६ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरलेला मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हालेचाच विद्यार्थी.

ट्युबिंगेनचा सर्वांत महत्त्वाचा पायटिस्ट म्हणजे योहान आल्ब्रेश्ट बेंगेल. श्टिफ्टमध्ये शिकलेला हा भाविक माणूस एका गोष्टीने अस्वस्थ होता. १७०७ मध्ये ऑक्सफर्डच्या जॉन मिल यांच्या आवृत्तीने नव्या कराराच्या हस्तलिखितांत सुमारे ३०,००० पाठभेद दाखवले होते. देवाचे वचन आहे म्हणता, तर नेमका पाठ कोणता? बेंगेलने १७३४ मध्ये ट्युबिंगेनहून ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला आणि दोन गोष्टी मांडल्या: हस्तलिखितांची आधी घराणी लावा, आणि दोन पाठांत निवड करायची तर सोप्यापेक्षा अवघड पाठाला झुकते माप द्या, कारण नकलनवीस अवघड शब्द सोपा करतो, सोपा अवघड करत नाही. आधुनिक पाठचिकित्सेचा हा पाया एका श्रद्धाळू माणसाने श्रद्धेपोटी घातला. चिकित्सा नेहमी नास्तिकांकडून येते, असे समजणाऱ्यांनी बेंगेल वाचावा.

विद्यापीठात थिऑलॉजी हवीच कशाला?

अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न बदलला. आता वाद कोणती थिऑलॉजी खरी हा राहिला नाही. ती विद्यापीठात असावी का, यावर आला.

इमान्युएल कांट यांनी १७९८ मध्ये विद्याशाखांच्या संघर्षावर लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. थिऑलॉजी, कायदा, वैद्यक या शाखांना वरच्या म्हणतात, कारण लोकांच्या आत्म्यावर, मालमत्तेवर आणि शरीरावर सरकारला त्यांच्यामार्फत पकड ठेवायची असते. म्हणून तिथे काय शिकवायचे हे सरकार ठरवते. पण तत्त्वज्ञानाची खालची शाखा कुणाचा हुकूम मानत नाही आणि वरच्या शाखांचे म्हणणे तपासण्याचा हक्क तिला हवा. बर्लिनच्या नव्या विद्यापीठाचा आराखडा बनत असताना तत्त्वज्ञ फिख्टे आणखी पुढे गेले: प्रकटीकरणाचा, म्हणजे देवाने स्वतःच सत्य उघड केल्याचा, दावा सोडायला तयार नसेल तर थिऑलॉजीला आत जागा नको, पाळकांचे प्रात्यक्षिक शिक्षण बाहेर होऊ दे.

याला उत्तर दिले फ्रीडरिश श्लायरमाखर यांनी. १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ उघडले तेव्हा ते थिऑलॉजी शाखेचे पहिले अधिष्ठाता झाले आणि १८११ मध्ये थिऑलॉजीच्या अभ्यासाचा संक्षिप्त आराखडा त्यांनी प्रसिद्ध केला. पुस्तक लहान आहे, पण जगभरच्या प्रॉटेस्टंट अभ्यासक्रमांवर त्याचा ठसा आहे, म्हणून युक्तिवाद नीट पाहू.

त्यांच्या मते थिऑलॉजीतले ज्ञान मूळचे तिचे स्वतःचे नाही. ग्रीक-हिब्रू हे भाषाशास्त्र, चर्चचा इतिहास हा इतिहास, ईश्वरविषयक संकल्पना हे तत्त्वज्ञान. मग या सगळ्यांना एकत्र बांधते काय? एक व्यावहारिक काम. वैद्यकात रसायन, शरीररचना, वनस्पतिशास्त्र एकत्र येतात ते रोगी बरा करण्यासाठी. कायद्यात इतिहास आणि तर्क एकत्र येतात ते न्यायव्यवस्था चालवण्यासाठी. थिऑलॉजीत हे विषय एकत्र येतात ते चर्चचे नेतृत्व करण्यासाठी. चर्च नसेल तर गाठ सुटते आणि प्रत्येक विषय आपापल्या घरी परत जातो.

हा युक्तिवाद दुधारी आहे. थिऑलॉजीला तो विद्यापीठात जागा मिळवून देतो आणि अट घालतो की प्रत्येक उपविषयाने आपापल्या शास्त्राचे नियम पाळलेच पाहिजेत. चर्चसाठी इतिहास वाकवता येणार नाही. पण तोच युक्तिवाद थिऑलॉजीचे अस्तित्व चर्चवर टांगून ठेवतो. चर्च रिकामे झाले तर शाखेचे काय? श्लायरमाखर यांच्या काळात हा प्रश्न कुणाला पडला नसेल. आज जर्मनीत तो दर अर्थसंकल्पाला पडतो.

आजचे पाच मुख्य विषय याच विचाराच्या आसपास स्थिरावले: जुना करार, नवा करार, चर्चचा इतिहास, सिद्धान्त आणि नीतिशास्त्र, आणि उपदेश-शिक्षण-समुपदेशनाची प्रात्यक्षिक थिऑलॉजी.

बाउर, श्ट्राउस आणि वाद

ट्युबिंगेनचे नाव जगभर झाले ते १८३५ साली, आणि बदनामीच्या अंगाने. श्टिफ्टमधला २७ वर्षांचा रेपेटेंट डाव्हिड फ्रीडरिश श्ट्राउस याने येशूच्या चरित्राची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्याच्या आधी दोन बाजू होत्या. एक म्हणे चमत्कार जसेच्या तसे घडले. दुसरी म्हणे घटना घडल्या, पण कारण नैसर्गिक होते. येशू पाण्यावर चालला नाही, काठाने चालला आणि शिष्यांना धुक्यात नीट दिसले नाही, या थाटाची स्पष्टीकरणे. श्ट्राउसने प्रत्येक प्रसंगात दोन्ही बाजू एकमेकींवर आपटल्या आणि दोन्ही कशा कोसळतात ते दाखवले. त्याचे स्वतःचे उत्तर: या कथा मिथक आहेत. म्हणजे कुणी मुद्दाम रचलेले खोटे नव्हे. मसीहाबद्दलच्या (येणाऱ्या तारणकर्त्याबद्दलच्या) जुन्या कराराच्या अपेक्षांना पहिल्या ख्रिस्ती समाजाने नकळत दिलेले कथारूप.

त्याला लगेच रेपेटेंटच्या जागेवरून काढून लुडविग्सबुर्गच्या शाळेत पाठवले. १८३९ मध्ये झुरिकच्या उदारमतवादी सरकारने त्याला थिऑलॉजीच्या प्राध्यापकपदी नेमले. चर्चच्या गावसभांत सुमारे चाळीस हजार मते विरोधात पडली. घाबरलेल्या सरकारने त्याला वर्गात पाऊल टाकण्याआधीच निवृत्तिवेतन देऊन मोकळे केले. तरीही ६ सप्टेंबरला ग्रामीण भागातून सशस्त्र जमाव शहरात आला आणि सरकार पडले. एका प्राध्यापकाच्या नेमणुकीवरून सरकार पडल्याची दुसरी उदाहरणे फारशी सापडणार नाहीत.

त्याचे गुरू फर्डिनांट क्रिस्टियान बाउर यांना हे पुस्तक अपुरे वाटले. त्यांची तक्रार नेमकी होती: श्ट्राउसने शुभवर्तमानांतल्या (येशूचे चरित्र सांगणाऱ्या नव्या करारातल्या चार ग्रंथांतल्या) घटना तपासल्या, शुभवर्तमाने तपासलीच नाहीत. हा ग्रंथ कुणी, कधी, कोणत्या तंट्यात कोणाची बाजू घेऊन लिहिला, हे आधी विचारा. १८२६ ते १८६० या काळात ट्युबिंगेनमध्ये शिकवताना बाउर यांनी नव्या कराराच्या प्रत्येक पुस्तकाला हा प्रश्न विचारला. करिंथकरांस पहिल्या पत्रात 'मी पौलाचा', 'मी केफाचा' (केफा म्हणजे पेत्र) अशा गटांचा उल्लेख आहे. तिथून सुरुवात करून त्यांनी मांडले की आरंभीचा ख्रिस्ती समाज एकसंध नव्हताच. पेत्राच्या बाजूचे यहुदी ख्रिस्ती आणि पौलाच्या बाजूचे यहुदीतर ख्रिस्ती यांत खोल भांडण होते आणि दुसऱ्या शतकात त्यांचा समेट झाला. ज्या पुस्तकात भांडण ताजे ते जुने. ज्यात समेटाचा सूर ते उशिराचे. या फूटपट्टीने पौलाच्या नावावरच्या १३ पत्रांपैकी त्यांनी चारच खरी मानली: रोमकरांस, करिंथकरांस दोन आणि गलतीकरांस.

बाउर कुठे चुकले हे पाहणे फार शिकवणारे आहे. फूटपट्टी आधी ठरली आणि पुरावा तिच्यावर बसवला गेला. योहानाचे शुभवर्तमान त्यांनी इ. स. १७० च्या सुमाराला ढकलले. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेला योहानाचा एक पपायरस-तुकडा अनेकांनी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला मानला आणि त्याच्या तारखेवर आज वाद असला, तरी १७० ही तारीख टिकलेली नाही. मार्काचे शुभवर्तमान त्यांनी मत्तय आणि लूक यांचा सारांश मानले. १८६३ मध्ये हाइनरिश होल्त्समान यांनी उलट क्रमाची बाजू इतकी भक्कम मांडली की मार्क सर्वांत जुने हेच पुढे सर्वसाधारण मत झाले. पौलाची आज सात पत्रे बहुतेक सगळे खरी धरतात. पण ग्रंथ ज्या वादात लिहिला गेला त्या वादासकट वाचायचा, ही बाउर यांची शिकवण कुणी परत घेतली नाही.

त्यांच्या विद्यार्थ्यांना मात्र किंमत मोजावी लागली. एडुआर्ड त्सेलर यांना थिऑलॉजीची वाट बंद झाली, तेव्हा ते मारबुर्गला तत्त्वज्ञान शाखेत गेले आणि ग्रीक तत्त्वज्ञानाचे मोठे इतिहासकार झाले. थिऑलॉजीत अडचणीचा ठरलेला माणूस शेजारच्या शाखेत बसवायचा, ही सोय जर्मन विद्यापीठांनी पुढेही वापरली.

याच वातावरणातून आपल्या ओळखीचे काही जणही आले. श्टिफ्टमध्ये थिऑलॉजी शिकलेले रुडोल्फ रोथ पुढे ट्युबिंगेनमध्येच संस्कृतचे प्राध्यापक झाले आणि बोटलिंक यांच्याबरोबर त्यांनी सात खंडांचा सेंट पीटर्सबर्ग संस्कृत कोश केला. रोथ यांचे विद्यार्थी मार्टिन हाउग १८५९ ते १८६६ पुण्यात संस्कृत शिकवत होते. ऐतरेय ब्राह्मणाची त्यांची आवृत्ती १८६३ मध्ये मुंबईत निघाली. मल्याळमचा कोश करणारे हेर्मान गुंडर्ट हेही श्टिफ्टचेच.

आज वर्गात काय करतात

पाळक व्हायचे असेल तर नियत अभ्यासक्रम १० सत्रांचा आहे, आणि भाषा शाळेत झाल्या नसतील तर त्यासाठी जादा सत्रे. हिब्रू, ग्रीक आणि परंपरेने लॅटिन. पुष्कळ विद्यार्थी गळतात ते इथेच, श्रद्धेच्या प्रश्नावर नाही. मग मध्य-परीक्षा, पुढचा अभ्यास, पहिली थिऑलॉजिकल परीक्षा, साधारण दोन ते अडीच वर्षांची चर्चमधली उमेदवारी, दुसरी परीक्षा आणि मग दीक्षा. बॅचलर-मास्टर अशी दोन तुकड्यांची युरोपीय पद्धत या अभ्यासक्रमाने स्वीकारली नाही.

पहिला खरा कस लागतो तो उताऱ्याच्या चिकित्सेचा निबंध लिहिताना. समजा मार्काचा १६ वा अध्याय दिला. आधी स्वतः भाषांतर करायचे. मग पाठचिकित्सा: नेस्टले-आलांड या ग्रीक नव्या कराराच्या चिकित्सित आवृत्तीच्या तळटिपेतली चिन्हे उलगडली की कळते, चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही महत्त्वाच्या हस्तलिखितांत अध्याय आठव्या ओवीला संपतो. रिकामी कबर पाहून स्त्रिया घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थित येशूची दर्शने सांगणाऱ्या ९ ते २० या ओव्या तिथे नाहीत. बहुसंख्य हस्तलिखितांत त्या आहेत, पण इथे मतमोजणी चालत नाही. एकाच चुकीच्या प्रतीच्या हजार नकला निघू शकतात. असा अर्धवट वाटणारा शेवट कुणीतरी पूर्ण करणे समजते, चांगला शेवट कुणी कापणे समजत नाही. म्हणून लहान आणि अवघड पाठ जुना. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमागचे तर्कशास्त्र याच घराण्यातले आहे. तिचे संपादक वि. सी. सुखटणकर बर्लिनमध्ये हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झाले होते.

त्यानंतर उताऱ्याच्या सीमा, त्यातले जोड आणि विसंगती. मग प्रकार (दृष्टान्त, वाद, चमत्कारकथा की दर्शनकथा). मग लेखकाने हाती आलेल्या सामग्रीत काय बदलले. आणि सर्वांत शेवटी अर्थ. नवखे विद्यार्थी ठरलेल्या चुका करतात. मार्कातली रिकामी जागा मत्तयावरून भरतात. चौथ्या शतकातला त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्त पहिल्या शतकाच्या वाक्यात वाचतात. किंवा तिसऱ्या पानावर निबंधाचे प्रवचन होते.

सरकार, चर्च आणि नेमणूक

एकोणिसाव्या शतकात राजाच चर्चचा प्रमुख होता, त्यामुळे शेवटचा शब्द त्याचा. १८८८ मध्ये उदारमतवादी चर्च-इतिहासकार आडोल्फ हार्नाक यांच्या बर्लिनमधल्या नेमणुकीला चर्चच्या उच्च मंडळाने विरोध केला. बिस्मार्क आणि नव्या कैसरने तो झुगारला. पुढे हार्नाक यांना उतारा म्हणून १८९३ मध्ये पुराणमताच्या जवळचे आडोल्फ श्लाटर यांच्यासाठी खास जागा निर्माण केली गेली. हेच श्लाटर १८९८ मध्ये ट्युबिंगेनला आले. एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक, असा तोल राखणे हे तेव्हा धोरणच होते.

शेजारच्या देशांनी वेगळे मार्ग घेतले. नेदरलँड्सने १८७६ च्या कायद्याने सरकारी शाखेत इतिहास, भाषा, धर्मांचा अभ्यास ठेवला आणि सिद्धान्त शिकवायला चर्चने आपले प्राध्यापक नेमावेत असे ठरवले. फ्रान्सने १९०५ मध्ये राज्य आणि धर्म वेगळे केले. अपवाद स्ट्रासबुर्गचा: १९०५ मध्ये आल्सास जर्मनीत असल्याने तो कायदा तिथे लागू झाला नाही, आणि प्रदेश परत फ्रान्सकडे आल्यावरही जुनीच व्यवस्था राहिली. म्हणून कडव्या धर्मनिरपेक्ष फ्रान्समध्ये आजही एका सरकारी विद्यापीठात प्रॉटेस्टंट थिऑलॉजी शिकवली जाते. जर्मनीतही थिऑलॉजीऐवजी सर्व धर्मांचा तौलनिक अभ्यास ठेवा अशी मागणी होती. हार्नाक यांनी १९०१ मध्ये कुलगुरू म्हणून केलेल्या भाषणात तिला विरोध केला.

१९१८ मध्ये राजे गेले आणि चर्चचा प्रमुखच नाहीसा झाला. वायमार राज्यघटनेने १९१९ मध्ये एका कलमात राज्याचे चर्च रद्द केले आणि दुसऱ्या कलमात विद्यापीठांतल्या थिऑलॉजीच्या शाखा कायम राहतील असे लिहिले. आजच्या व्यवस्थेचे मूळ इथे आहे. तपशील मग प्रत्येक प्रांताने चर्चशी केलेल्या करारांत भरले गेले.

सरकारी नोकरीची दुसरी बाजू १९३३ नंतर दिसली. बॉनमध्ये थिऑलॉजीचे प्राध्यापक कार्ल बार्थ यांनी हिटलरशी निष्ठेची बिनशर्त शपथ नाकारली. त्यांना १९३४ मध्ये निलंबित केले आणि पुढच्या वर्षी ते बासेलला गेले. ट्युबिंगेनमध्ये मात्र नव्या कराराचे प्राध्यापक गेरहार्ड किटेल १९३३ मध्ये नाझी पक्षात गेले आणि ज्यूंविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी त्यांच्या संपादनाखाली नव्या कराराच्या ग्रीक शब्दांच्या महाकोशाचा पहिला खंड निघाला. तो कोश आजही ग्रंथालयात हाताशी असतो आणि जाणते शिक्षक त्यातल्या ज्यू धर्मावरच्या नोंदी वापरताना विद्यार्थ्यांना सावध करतात. काटेकोर भाषाशास्त्र माणसाला यापासून वाचवत नाही.

आज जागा निघाली की विद्यापीठाची समिती अर्ज तपासते, व्याख्याने ऐकते आणि साधारणपणे तीन नावांची यादी करते. त्यानंतर उमेदवाराची श्रद्धा आणि शिकवण यांवर चर्चचे मत मागवतात. विद्वत्तेवर मत देण्याचा अधिकार चर्चला नाही. कॅथलिक शाखेत नेमणुकीनंतरही बिशप परवानगी काढून घेऊ शकतो. प्रॉटेस्टंट करारांत अशी यंत्रणा बहुधा नसते. ही फट उघडी पडली ग्योटिंगेनमध्ये. नव्या कराराचे प्राध्यापक गेर्ड ल्यूडेमान यांनी १९९८ मध्ये आपण ख्रिस्ती राहिलो नाही असे जाहीर केले. विद्यापीठाने त्यांची नोकरी आणि पगार कायम ठेवून विषयाचे नाव आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास आणि साहित्य असे केले आणि पाळकांच्या परीक्षांतून त्यांना बाजूला काढले. संशोधनाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन ते सर्वोच्च घटना न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये हरले. न्यायालयाचा तर्क श्लायरमाखर यांच्या जवळ जातो: शाखा चर्चसाठी शिकवते, म्हणून तिचे शिक्षक त्या श्रद्धेचे असावेत अशी अट घालता येते.

हाच साचा पुढे दुसऱ्या धर्मालाही मिळाला. सरकारी विद्यापीठांत इस्लामी थिऑलॉजीच्या संस्था उघडाव्यात, अशी शिफारस जर्मनीच्या विज्ञान परिषदेने २०१० मध्ये केली आणि पहिले केंद्र २०११-१२ मध्ये ट्युबिंगेनमध्येच सुरू झाले. इस्लाममध्ये चर्चसारखी एक संघटना नाही, म्हणून मत देण्यासाठी सल्लागार मंडळ नेमावे लागले. विडमान रोटेनबुर्गला गेले तेव्हाचा मान्यतेचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला: मान्यता द्यायला नेमके कोणाला बोलवायचे?

भारतात हे झालेच नाही. १८५७ मधली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, थिऑलॉजीची शाखा न ठेवता निघाली. प्रॉटेस्टंट पदवीचा अधिकार वेगळ्याच वाटेने आला. सेरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होती आणि तिथल्या कॉलेजला डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली. १८४५ मध्ये ब्रिटिशांनी वसाहत विकत घेतली तरी सनद टिकली, आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने इतर थिऑलॉजी कॉलेजांनाही त्या पदवीखाली येण्याचा रस्ता मोकळा झाला. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेले आणि १९८३ मध्ये पुण्यात आलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे त्यांतलेच एक. तिथल्या बी. डी.च्या (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) विद्यार्थ्याला पदवी मिळते ती पुण्याच्या विद्यापीठाची नसते. सेरामपूरच्या सिनेटची असते.